हाताचं वळण

सिगार पेटवायच्या आधीच त्याच्याविषयी बरंच कळलेलं असतं. अंगठा आणि दोन बोटं यांच्या चिमटीत धरून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच दाबत न्यायचा. चांगल्या हाताने वळलेला सिगार सगळीकडे सारखा लागतो. दाबला की किंचित दबतो, सोडला की पुन्हा भरून येतो. मध्येच गाठ लागली, तर आत पानं एकमेकांत पिळली गेली आहेत आणि धूर तिथे अडणार, हे समजावं. एखाद्या जागी बोट आत गेलं, तर तिथे पान कमी पडलं आहे. आग त्या पोकळीतून भसकन पुढे सरकेल, धूर तापेल आणि जीभ पोळल्यासारखी होईल. मग डोळ्यांचं काम. वरचं पान नीट ताणून गुंडाळलंय का, शिरा किती ठसठशीत आहेत, पानावर तुकतुकी आहे की ते कोरडं पडलंय. मग पेटवायच्या टोकाशी नाक. शेवटी तोंडाकडच्या टोकाची टोपी कापून, न पेटवताच एक झुरका. त्यात हवा किती सहज येते ते कळतं, आणि न जळलेल्या पानाची चव ओठांवर उतरते.

या सगळ्याला फार तर दोन-तीन मिनिटं लागतात, आणि मला ती पुढच्या तासाभराइतकीच मोलाची वाटतात. त्या वेळात आपल्यासमोर दुसरं काही नसतं, फक्त वळणाऱ्याचं काम असतं.

सिगारच्या चवीविषयी जे लिहिलं जातं, त्यात हे काम फारसं दिसत नाही. दिसतात ती विशेषणं: कोको, कॉफी, देवदार, चामडं, मिरी, मध. मीही ती वाचत वाचतच या विषयात शिरले, आणि त्या शब्दांशी माझं भांडण नाही. पण हवानाच्या कारखान्यांत सिगारची पारख कशी होते हे कळल्यावर माझं मत पक्कं झालं, की चवीचे शब्द ही पारखीची शेवटची पायरी आहे.

क्युबातल्या कारखान्यांत पारख करणाऱ्यांची एक मंडळी असते. त्यांना कातादोर म्हणतात. समोर येणाऱ्या सिगारवर नावाचा कागदी पट्टा नसतो आणि तो कोणी वळला हे त्यांना सांगितलेलं नसतं. सुरुवातीचा इंचभर सिगार ते ओढतात, बिनसाखरेच्या चहाने तोंड स्वच्छ करतात आणि पुढचा हातात घेतात. लिहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. ओढ कशी आहे, म्हणजे झुरका घेताना धूर किती सहज येतो. जळतो कसा. कडक किती. सुगंध, चव, आणि सरतेशेवटी एकूण दर्जा.

या गोष्टी नुसत्या वाचल्या तर शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्या रकान्यांसारख्या वाटतात. पण प्रत्येक रकाना वेगळ्या माणसाकडे बोट दाखवतो. ओढ आणि जळणं हे वळणाऱ्याचं. कडकपणा मिश्रणावर ठरतो, आणि मिश्रण ठरवणारा माणूस वेगळा असतो. सुगंध आणि चव यांचं मूळ शेतात, सुकवणीच्या घरात आणि पान मुरवणाऱ्या कोठारात. त्यामुळे ‘कडू लागला’ एवढंच म्हणून जो सिगार बाजूला ठेवतो, त्याने पारख केलेलीच नाही. कडू का लागला? पान पुरतं मुरलं नव्हतं का? की पान उत्तम होतं, पण घट्ट वळल्यामुळे जोर लावून ओढावं लागलं आणि धूर तापला? पहिला दोष कोठाराचा, दुसरा हाताचा. ज्याचं श्रेय त्याच्या पदरात घालायचं आणि ज्याची चूक त्याच्याच खात्यावर मांडायची, याला मी पारख म्हणते. बाकीचं वर्णन झालं, आणि वर्णन कोणीही करू शकतं.

श्रेय वाटायचं तर पान कुठून आलं ते माहीत हवं. हवानाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांत आहे. त्यातला व्हुएल्ता आबाहो हा पट्टा, आणि त्यातही सान लुईस आणि सान हुआन इ मार्तिनेस या दोन गावांच्या आसपासची तांबडी, रेताड जमीन. तिथल्या शेतात उभी राहिले तेव्हा कामं ओळखीची निघाली. कळी दिसली की शेंडा खुडायचा, म्हणजे झाडाचा जोर पानांत उतरतो. मग पानांच्या बेचक्यातून फुटणारी बगलफूट पुन्हा पुन्हा काढत राहायचं. निपाणीकडच्या तंबाखूच्या शेतात मी लहानपणापासून हेच बघत आले आहे. खुडताना बोटांना लागणारा काळपट चीकसुद्धा तोच, साबणाला दाद न देणारा.

झाड एकच, पण पान कोणत्या उंचीवरचं यावर त्याचा स्वभाव ठरतो. खालची पानं हलकी असतात, चव थोडी, पण छान जळतात. त्यांना व्होलादो म्हणतात. मधली सेको, सुगंधाची. वरची लिहेरो: भरपूर ऊन खाल्लेली, जाड, तेलकट, कडक आणि सावकाश जळणारी. बाहेरच्या आवरणाचं पान मात्र वेगळ्या शेतात, पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, म्हणजे ते उन्हाने जाड होत नाही आणि शिरा नाजूक राहतात. तोडणीनंतर पानं उंच लाकडी घरांत काठ्यांवर टांगून सुकवायची. हिरवं पान पिवळं होतं, पिवळं तपकिरी होतं. मग त्यांच्या थप्प्या लावायच्या. थप्पी आतून आपोआप तापते, पानातला उग्र अमोनिया निघून जातो, आणि ती फार तापू नये म्हणून आतलं तापमान बघत राहून वेळेवर मोडून पुन्हा रचावी लागते. त्यानंतर मुरत ठेवणं. व्होलादो नऊ-दहा महिन्यांत तयार होतं. लिहेरोला दोन वर्षं तरी द्यावी लागतात. थप्पी मोडायला एक दिवस उशीर झाला तर पान करपतं, आणि तो दोष पुढे कोणीही भरून काढू शकत नाही. वळणारा तर नाहीच नाही.

आता वळणाऱ्याकडे येते, कारण माझा जीव तिथे आहे.

कारखान्याचं दालन शाळेच्या वर्गासारखं मांडलेलं असतं: बाकांच्या रांगा, प्रत्येकासमोर लाकडी पाट. पाटावर चावेता, म्हणजे मूठ नसलेलं, बाकदार धारेचं पोलादी पातं. शेजारी बेचव डिंकाची छोटी डबी, लांबी कापायचं यंत्र आणि जाडी मोजायची भोकं पाडलेली पट्टी. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. मी ज्या बाईंसमोर उभी होते, त्या चाळिशीच्या असाव्यात. त्यांनी बांधणीचं पान पाटावर पसरलं आणि डाव्या तळहातात आतली पानं गोळा करायला घेतली. प्रत्येक पान लांबीच्या दिशेने हलकं दुमडलेलं, चपटं नाही आणि पिळलेलंही नाही, म्हणजे त्याच्या घडीतून हवेला वाट राहते. लिहेरो मधोमध, कारण ते सावकाश जळतं. कडेला गेलं तर एक बाजू मागे राहून सिगार तिरका जळत जाणार. सगळी पानं हातात आल्यावर त्यांनी मूठ मिटली, क्षणभर थांबल्या, मूठ उघडून नखाएवढा एक तुकडा काढून टाकला आणि पुन्हा मिटली. मग बांधणीच्या पानात गुंडाळून तो गाभा लाकडी साच्यात ठेवला.

तो तुकडा का काढला, असं मी दुभाष्याकरवी विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत. साच्यातला आधीचा एक गाभा आणि आताच बांधलेला दुसरा असे दोन्ही त्यांनी माझ्या हातात दिले, आणि माझी बोटं धरून दाबायला लावली. मला काही लागेना. त्यांनी बोटं गाभ्याच्या मध्यापासून जरा वर सरकवली, पुन्हा दाबायला लावलं. तेव्हा कुठे एका गाभ्यात वाटाण्याएवढा टणकपणा लागला. त्यांनी तो गाभा परत घेतला, उकलला आणि नव्याने बांधला.

साच्यातून काढलेल्या गाभ्यावर बाहेरचं पान चढवतात. मधली शीर आधीच काढलेली असल्यामुळे पानाचे डावा आणि उजवा असे दोन भाग असतात. दोन्ही भाग एकमेकांच्या उलट दिशांनी गुंडाळावे लागतात, म्हणजे शिरा सिगारच्या अंगाबरोबर जातात, आडव्या येत नाहीत. पान हलकं ताणायचं, ताणताना फाडायचं नाही, सुरकुती पडू द्यायची नाही, आणि शेवटी त्याच पानाच्या छोट्या तुकड्याची टोपी चढवून डिंकाच्या एका बोटाने बसवायची. आकाराप्रमाणे दिवसाला शंभराच्या आसपास सिगार होतात. पन्नासांची एक जुडी बांधली जाते आणि तिच्यावर वळणाऱ्याची खूण असते. तपासणारे त्या जुडीतून काही सिगार उचलतात, वजन करतात, लांबी-जाडी बघतात, एखादा उकलून आतली पानं बघतात. त्या खुणेमुळे कारखान्याच्या आत हात ओळखता येतो. पेटीत सिगार भरला की तो हात पुसला जातो. पेटीच्या तळाशी ‘पूर्णपणे हाताने’ अशा अर्थाचा शिक्का असतो, महिना आणि वर्ष असतं, कारखान्याचं नाव सांकेतिक अक्षरांत असतं. कोणाच्या हाताने, ते कुठेच नसतं.

शेतकऱ्याचं नाव मात्र एकदा पेटीवर आलं. सान लुईसचे आलेहांद्रो रोबाइना यांच्या बाहेरच्या पानाची कीर्ती इतकी होती, की 1997 साली त्यांच्या नावाने क्युबाने सिगारची एक जात काढली. एका हयात शेतकऱ्याला मिळालेला हा मान वाचून मला फार बरं वाटलं होतं. वळणाऱ्यालाही असा मान मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

या दालनात आणखी एक माणूस असतो, तो काही वळत नाही. उंच चौथऱ्यावर बसून तो वाचून दाखवतो: सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. ही प्रथा 1865 साली हवानाच्या एल फिगारो कारखान्यात सुरू झाली, आणि वळणारी माणसं शिकून शहाणी होतात हे ध्यानात आल्यावर स्पॅनिश वसाहतीच्या सरकारने वर्षभरातच तिच्यावर बंदी घातली. ती टिकली, फ्लोरिडातल्या टँपापर्यंत पोचली. 1895 साली क्युबाचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू करण्याचा, त्या लढ्याचे नेते होसे मार्ती यांचा निरोप टँपामध्ये वळलेल्या एका सिगारमधूनच क्युबात गेला, असं सांगतात. मला यातली आवडणारी गोष्ट वेगळी आहे. वाचणाऱ्याची निवड वळणारे करतात. उमेदवार येऊन वाचून दाखवतो आणि दालन मत देतं. वाचन आवडलं तर सगळे चावेता पाटावर आपटतात, तीच टाळी. नावडलं तर पाती जमिनीवर टाकतात. दिवसभर ज्यांच्या कामाची पारख चालते, त्यांच्याच हाती एक पारख अशी ठेवलेली आहे. फ्रेंच लेखक ड्यूमाची माँतेक्रिस्तोच्या उमरावाची कादंबरी त्यांना इतकी प्रिय होती, की 1935 साली निघालेल्या सिगारला माँतेक्रिस्तो हे नाव मिळालं.

हाताचं महत्त्व जगाला कळलं ते मात्र दुखण्यातून. नव्वदच्या दशकात अमेरिकेत सिगारची हौस एकाएकी वाढली, तशी सगळीकडेच वाढली, आणि क्युबाने उत्पादन झपाट्याने वाढवलं. नवी माणसं घाईघाईने पाटावर बसवली गेली. त्या वर्षांतले सिगार पान चांगलं असूनही कुप्रसिद्ध झाले, कारण त्यातले कित्येक ओढले जात नव्हते. नवशिक्या हाताला आणखी एक पान घालून भरगच्च करण्याचा मोह होतो, आणि भरगच्च सिगार बाटलीला बूच मारावं तसा बंद होतो. 2001 च्या सुमारास कारखान्यांत यंत्रं आली. बाहेरचं पान चढवण्याआधीच गाभ्यातून हवा खेचून ओढ मोजायची आणि न जमलेला गाभा परत पाठवायचा. तक्रारी कमी झाल्या. यंत्राला मी नावं ठेवणार नाही. पण ते सांगतं ते एवढंच, की वाट मोकळी आहे की बंद. आग मधोमध राहील का, राख सरळ धरेल का, दुसऱ्या तिसऱ्या भागात चव उलगडत जाईल का, हे अजून ओढूनच बघावं लागतं.

माझी आजी निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तंबाखू चाळायची. तोंडाला पदर घट्ट बांधून बायका दिवसभर त्या धुळीत बसायच्या. घरी आल्यावर तिच्या लुगड्याला, केसांना, जेवणाच्या डब्यालासुद्धा तो वास असायचा. एकदा एका नातेवाइकाने घरी पानांची जुडी आणली होती, विकायला काढायच्या आधी दाखवायला म्हणून. आजीने एक पान उचललं, तळहातावर चुरलं, नाकाशी नेलं.

“ह्याला पाणी लागलंय बघ,” ती म्हणाली. “सुकवायला टाकलं तवा पाऊस पडला असंल.”

“आज्जी, तुला कसं कळलं गं?”

“वास बसलाय की. पान काय लपवत न्हाई.”

तो नातेवाईक काही बोलला नाही. पाऊस झाला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं. आजीने त्या दिवशी जे केलं तेच हवानाच्या कोठारात थप्पीत हात घालणारी माणसं करतात. फरक इतकाच, की आजीला त्यासाठी कोणी कधी विचारलं नाही. वखारीत प्रत ठरवायचा व्यापाऱ्याचा माणूस. तो पान चुरायचा, हुंगायचा, भाव सांगायचा, आणि शेतकऱ्याला तो भाव घ्यावा लागायचा. 1981 साली शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले, पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. भाव मागायला बसलेल्या माणसांच्या त्या आठवणी आमच्या भागात आजही ताज्या आहेत. पारखीला दोन बाजू असतात आणि एका बाजूला कोणाची तरी वर्षभराची मेहनत असते, हे मला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

कोल्हापूर-निपाणीच्या माणसाला फर्नांदो ओर्तिस यांचं 1940 सालचं क्युबाविषयीचं पुस्तक घरचं वाटेल. तंबाखू आणि साखर ही दोन पिकं समोरासमोर उभी करून त्यांनी अख्ख्या देशाचा इतिहास सांगितला आहे. आमच्याकडेही दोन्ही आहेत. ऊस काट्यावर मोजतात, तंबाखू नाकाने. उसाची एक मोळी दुसरीत मिसळली तर कोणाचं काही बिघडत नाही. तंबाखूचं पान मात्र शेवटपर्यंत पान राहतं. एकेक उचलावं लागतं, एकेक बघावं लागतं, आणि एकेका पानाविषयी कोणाला तरी मत द्यावं लागतं.

आणि हे मत देणं आपल्या मुलखात फार जुनं आहे. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर असद बेग नावाचा मोगल सरदार विजापूरला गेला होता. तिथे त्याला तंबाखू भेटली, ती त्याने अकबरासाठी आग्र्याला नेली. बादशहाने थोडे झुरके घेतले, वैद्यांची त्यावर वादावादी झाली, आणि अकबराने पुढे ती घेतली नाही. असद बेगने हे लिहून ठेवलं आहे. दख्खनच्या पानाची उत्तरेतली ही पहिली परीक्षा असावी, आणि पहिल्याच दिवशी वैद्य हजर होते ही त्यातली शहाणी गोष्ट.

कारण तंबाखू नको म्हणणाऱ्या वैद्यांचं म्हणणं खरं आहे. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी, असं बोलणारे मला भेटतात. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. तोंड, घसा, अन्ननलिका या सगळ्यांना त्याचा धोका आहे. माझ्या आजीने आयुष्यात एक विडी ओढली नाही, आणि तरी शेवटची वर्षं तिला वखारीच्या खोकल्याने झोपू दिलं नाही. म्हणून मी फार क्वचित ओढते, आणि कोणाला ‘ओढून बघ’ असं कधीच म्हणत नाही. ज्या गोष्टीची अशी किंमत मोजली जाते, ती अर्धवट लक्षाने ओढून फेकून देणं मला पटत नाही.

ओढताना मी सिगारचे तीन भाग धरते. टोक आधी ज्वाळेला न टेकवता फिरवत शेकते, मग झुरके घेते, मिनिटाला एक, फार तर. घाई केली की सगळे सिगार एकाच चवीचे लागतात, करपट. पहिल्या भागात बहुधा कोरडं लाकूड आणि मिरीची धार. मग आतला गाभा तापतो, तेल सुटतं, आणि मधल्या भागात पान बोलायला लागतं. एकदा एका जुन्या पार्तागास सिगारच्या मधल्या भागात मला उकळत्या काकवीवर येणारी खरपूस साय आठवली, गुऱ्हाळातली. हा शब्द इंग्रजी याद्यांत नाही. तिथे चामडं आहे, जे मी कधी जिभेला लावलेलं नाही, आणि देवदार आहे. आपल्या जिभेच्या आठवणीत जे साठलेलं आहे तेवढंच आपण ओळखू शकतो. म्हणून मी माझ्या वहीत माझेच शब्द लिहिते: खमंग, तुरट, कुबट, भिजलेलं गोणपाट, भाजलेल्या शेंगांची सालं, पहिल्या पावसाच्या आधीचा मातीचा वास. दुसऱ्याला ते पटले नाहीत तरी चालेल. पण ओढ आणि जळणं यांविषयी जे लिहिते, ते कोणालाही तपासून बघता यावं असं लिहिते. कुठे अडला, किती वेळा पुन्हा पेटवावा लागला, आग कोणत्या बाजूला झुकली, राख किती लांब टिकली. ही वळणाऱ्याची बाजू आहे, तिथे मोघम बोलण्याचा मला हक्क नाही.

पट्टा काढून ठेवणं ही सवयही मी हवानाहून घेतली. कोहिबा या नामांकित क्युबन सिगारचा पट्टा डोळ्यांना दिसला की जीभ आधीच नम्र होते. 1966 साली एल लागितो या हवानाच्या वाड्यात त्या सिगारचं काम मार्गी लागलं, तिथे आधी स्त्रियाच वळायला होत्या, आणि बरीच वर्षं तो पाहुण्या राष्ट्रप्रमुखांना भेट म्हणूनच दिला जाई. आतल्या दोन पानांना तिसऱ्यांदा मुरवतात, त्याने धूर मऊ होतो, हे खरं. पण पट्ट्यावरची कीर्ती जिभेवर चढली, की वाईट वळलेल्या सिगारमधला दोषही गूढ वाटायला लागतो, आणि साध्या पेटीतल्या निर्दोष सिगारला दाद मिळत नाही. दोन्हीकडे अन्याय त्या पाटावरच्या बाईवरच होतो.

आपल्याकडे वळणाऱ्या बायका कमी नाहीत. सोलापुरात मांडीवर सूप घेऊन, टेंभुर्णीचं पान कात्रीने बेतून, चिमूटभर तंबाखू भरून, दोऱ्याने बांधून बायका दिवसाला हजारभर विड्या वळतात. कारखान्यात तपासणारा त्यातल्या सदोष विड्या बाजूला काढतो आणि मजुरी कापली जाते. चांगली वळली म्हणून एकही विडी बाजूला काढली जात नाही. ही पारख फक्त उणं बघते. संघटनेच्या बळावर त्या बायकांनी सोलापूरजवळ कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी केली, हक्काची भिंत मिळवली. हाताला मात्र नाव मिळालं नाही. एखादी बाई अशी नक्की असेल, जिची विडी शेवटपर्यंत सारखी जळते, विझत नाही, दोरा सुटत नाही. तिच्या शेजारणींना ती माहीत असेल. ओढणाऱ्याला नाही.

27 सप्टेंबर 2022 रोजी इयन वादळ पिनार देल रिओवरून गेलं. पानं सुकवायची ती उंच लाकडी घरं हजारोंनी पडली. पेरणीच्या तोंडावर. पुढच्या हंगामात लागवड कमी झाली, माणसं शेतात कमी आणि छपरांवर जास्त होती. पडलेल्या घरांची लाकडं निवडून त्यांतूनच नवी घरं बांधली जात होती. त्या हंगामातलं लिहेरो मुरायला दोन वर्षं आणि वळून पेटीत मुरायला आणखी काही महिने, असा हिशेब केला तर ते पान आता सिगारमधून ओठांशी येतं आहे. जुन्याच लाकडाच्या, अर्धवट झाकलेल्या घरात सुकलेलं पान. त्याची चव वेगळी लागते का, हे मी मधल्या भागापर्यंत थांबून बघते, आणि पेटीच्या तळाचा महिना-वर्ष वहीत सगळ्यात आधी उतरवून घेते, म्हणजे काही उणं आढळलं तर ते वळणाऱ्याच्या नावावर जाणार नाही.